मागच्या रांगेतल्या मुलीला पुढे आणणाऱ्या नलिनीताई

नलिनीताई आगवेकरांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. भांडण मी केलं होतं, हे आधीच सांगते. त्यांचा स्वभाव भांडणाचा नाही.

आम्हाला सिडनीला येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. हॅरिस पार्क या उपनगरात स्टेशनच्या बाजूला एक किराणा दुकान होतं. पुढे डाळी, पोहे, मसाले आणि मागच्या भिंतीवर हिंदी-मराठी चित्रपटांच्या व्हिडिओ कॅसेट. शुक्रवारी न्यायची, सोमवारी परत करायची. एका शुक्रवारी मी एक जुना कौटुंबिक मराठी चित्रपट घरी नेला. यजमान आणि मी बघायला बसलो आणि तेरा मिनिटांत चित्रपट संपला. त्यात नायक नव्हता. नायिका एकदाही रडली नाही. ती नुसती दारं उघडत होती. स्वयंपाकघराचं, माडीचं, अंगणाचं, एकामागून एक. शेवटी एक दार उघडून ती बाहेर गेली आणि परत आलीच नाही. गाणं भलत्याच चित्रपटातलं होतं, पण प्रत्येक दार बरोबर समेवर उघडत होतं.

सोमवारी मी कॅसेट दुकानात नेऊन काउंटरवर आपटली.

"ही खराब आहे. यात नायकच नाही."

काउंटरमागच्या बाईंनी डबी उघडून पाहिली आणि जीभ चावली. "अगंबाई, माझी गेली वाटतं तुमच्याकडे!" मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पण नव्हता, तर बरं वाटलं की नाही?"

मी उलट विरजण मिळेल का ते विचारलं. खरं उत्तर 'हो' असं होतं आणि ते त्यांना कळलं असावं. कागदाच्या चिठोऱ्यावर पत्ता लिहून देत त्या म्हणाल्या, "शनिवारी दुपारी या. आणखी आहेत."

नलिनीताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकात त्यांच्या कार्यावर लिहावं, असं संपादक मंडळाने मला सुचवलं. मी आयुष्यभर ग्रंथालयात सूचीकाराचं काम केलं. पुस्तकं कुठे ठेवायची ते मला कळतं, माणसं कुठे ठेवायची ते नेहमी कळतंच असं नाही. तरीही लिहिते, कारण त्यांच्या कामाच्या एका मोठ्या नुकसानीला मी कारणीभूत आहे आणि ते दुसऱ्या कुणी लिहिण्यापेक्षा मीच लिहिलेलं बरं.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आवडत्या चित्रपटांतले, मालिकांतले तुकडे घ्यायचे, ते आपल्या मनाने नव्या क्रमाने जोडायचे, वर दुसरंच एखादं गाणं घालायचं आणि मूळ चित्रपटाने जे सांगितलं नाही ते सांगायचं. आज याला फॅन व्हिडिओ, रिमिक्स अशी नावं आहेत. युनिव्हर्सिटीत त्यावर प्रबंध लिहितात म्हणे. जगभर हे काम मुख्यतः बायकांनी केलं, हेही मला फार उशिरा कळलं. आम्ही त्याला जोडकाम म्हणत होतो. नलिनीताईंच्या हॅरिस पार्कच्या फ्लॅटमध्ये शनिवारी दुपारी आम्ही सहा-सात जणी जमत असू. कुणी नर्स, कुणी कौन्सिलमध्ये टायपिस्ट, कुणी घरीच. शेजारची हरप्रीत पंजाबी होती, तिला मराठी कळत नसे, पण सासू वाईट आहे की चांगली ते तिला आवाज बंद करूनही कळे.

दोन व्हीसीआर एकमेकांना वायरने जोडलेले. एकावर चित्रपट चालायचा, दुसरा त्याचं रेकॉर्डिंग करायचा. रेकॉर्डिंग करणारं यंत्र पॉज सोडल्यावर किंचित मागे सरकायचं, म्हणून बटण अर्धा क्षण आधी दाबावं लागे. तो अर्धा क्षण नलिनीताईंच्या अंगठ्यात होता. डोळे पडद्यावर, ओठांत 'एक-दोन-आता'. चुकलं तर सगळं पहिल्यापासून. एका चार मिनिटांच्या जोडकामाला पाच-पाच शनिवार लागत. आज मुलं जे बोटाने सरकवून करतात, ते या बाईंनी तीस वर्षं अंगठ्याने केलं.

त्यांचे दोषही सांगते. कॅसेटवर त्या कधी चिठ्ठी लावत नसत. आमची ओळख त्याच गलथानपणातून झाली. वेळेवर त्या कुठेही पोचलेल्या मला आठवत नाहीत. आणि काम करता करता त्यांनी किती कांदाभजी जाळली त्याला सुमार नाही.

पहिल्याच शनिवारी मी विचारलं होतं, "पण ही चोरी नाही का? चित्रपट एकाचा, गाणं दुसऱ्याचं."

"लो, पुलिस आ गई," हरप्रीत म्हणाली. सगळ्या हसल्या. नलिनीताई हसल्या नाहीत.

"विजयाबाई, मागच्या सोमवारी भांडून झाल्यावर तुम्ही माझ्याकडून विरजण नेलंत. लागलं का दही?"

"लागलं."

"मग ते दही माझं का?"

"दूध माझं होतं," मी म्हटलं. "पण विरजण मी मागून नेलं. आणि कुणी विचारलं तर नलिनीताईंकडचं म्हणून सांगेन."

त्यांनी पॉज दाबून चित्रपट थांबवला. मग म्हणाल्या, "मागायला गेलो तर आपल्याला कुणी दारातही उभं करणार नाही. पण सांगायला हवं, हे तुमचं बरोबर आहे. ते काम आजपासून तुमच्याकडे."

अशी आमच्या जोडकामाच्या शेवटी यादी आली. कोणता चित्रपट, कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला. सूचीकाराची सवय, मी एकही तुकडा सोडला नाही. सुरुवातीला पुठ्ठ्यावर लिहून त्याचं चित्रण करत होतो. पुढे सगळं संगणकावर आलं तेव्हा चित्रफितीखालच्या मजकुरात ती यादी जाऊ लागली. दुसऱ्या बायका वैतागत. जोडकाम चार मिनिटांचं आणि यादी दोन मिनिटांची! पण नलिनीताईंनी तो नियम कधी मोडू दिला नाही.

दुसरा नियम त्यांचा स्वतःचा होता. दुसरीच्या जोडकामाला तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि तिचं नाव पुसायचं नाही. एका मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांचं दारांचं जोडकाम मोठ्या पडद्यावर दाखवलं. टाळ्या पडल्या. शेवटची यादी आणि ताईंचं नाव मात्र कापून तिथे मंडळाचं बोधचिन्ह लावलं होतं. मध्यंतरात त्या कार्यकर्त्यापाशी गेल्या. मी सोबत होते.

"भाऊ, नाव राहिलं."

"ताई, रागवू नका, पण तुम्ही तरी कुठे निर्मात्याची परवानगी घेतली होती?"

"नव्हती घेतली. म्हणून शेवटी त्यांचं नाव होतं. तुम्ही नेमकं तेवढंच कापलंत."

मध्यंतरानंतर यादीसकट ते जोडकाम पुन्हा दाखवावं लागलं. आवाज न चढवता हे त्यांनी कसं केलं, ते मला अजून जमलेलं नाही.

त्यांनी माझ्यावर केलेल्या एका उपकाराबद्दल मी आजवर कुणाशी बोललेले नाही. माझे यजमान गेले त्यानंतर वर्षभर मी शनिवारचं जाणं सोडलं होतं. एकदा नलिनीताई घरी आल्या आणि आमच्या घरगुती कॅमेऱ्याच्या सगळ्या कॅसेट मागून घेऊन गेल्या. मी म्हटलं, "त्यात ते कुठेच नाहीत. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात असे." "बघते तर खरी," म्हणाल्या. दीड महिन्याने एक डबी आणून दिली. या वेळी तिच्यावर चिठ्ठी होती. त्यात यजमान दिसत नव्हते, पण आवाज त्यांचा होता. कॅमेऱ्यामागून आलेलं प्रत्येक वाक्य नलिनीताईंनी शोधून काढलं होतं. "विजया, इकडे बघ." "जरा डावीकडे." "हसलीस तर काय कर लागतो का?" वीस वर्षांत मी प्रत्येक वेळी कपाळाला आठी घालूनच बघितलेलं होतं. सलग सहा मिनिटं माझी आठी आणि त्यांचा आवाज. त्यातून मला काय मिळालं ते लिहिणार नाही. पुढच्या शनिवारी मी गेले, इतकंच सांगते.

मृण्मयी आमच्यात आली ती या सगळ्यानंतर. पुण्याची मुलगी, आयटीतली, सिडनीच्या टोकाला स्कोफिल्ड्सला नवं घर, कडेवर तान्ही. दुकानात डिंक शोधत होती. नलिनीताईंनी तिला डिंक तर दिलाच, लाडू करूनही दिले आणि बदल्यात तिच्याकडून संगणकावरचं संपादन शिकून घेतलं. तेव्हा त्या पासष्टीच्या होत्या. मृण्मयी एकदा दाखवी, त्या तीनदा वहीत लिहून घेत. मृण्मयीने आमची सगळी जुनी जोडकामं एका संकेतस्थळावर चढवली. मला धास्ती होती. नलिनीताईंना मात्र लोकांनी बघावं असं एकदम वाटू लागलं होतं. का, ते मला पुढे कळलं.

जुना मराठी चित्रपट लावला की त्या गर्दीच्या दृश्याला थांबत. जत्रा, लग्नाचा मांडव, पाणवठा, लावणीच्या मागचा ताफा. पॉज. पुढे. पॉज. अनेक वर्षं मी हे बघत होते.

"काय शोधता?" असं मी एकदा विचारलं होतं.

"काही नाही, साड्या बघते."

साड्या बघणाऱ्या बाईंच्या अंगावर मी चार साड्यांपलीकडे पाचवी पाहिली नव्हती. पण खोदून विचारायची आमची पद्धत नव्हती.

संगणक आल्यावर चित्र मोठं करता येऊ लागलं. मग एका दुपारी त्यांनी मला आणि मृण्मयीला शेजारी बसवलं. पडद्यावर जत्रेतला नाच होता. पुढे नायिका, मागे आठ मुली. ठेक्यावर सगळ्यांचे उजवे हात वर जातात. डावीकडून तिसरीचा डावा जातो, मग ती चटकन सावरून उजवा वर करते.

"ही कुसुमताई," नलिनीताई म्हणाल्या. "माझी बहीण. डावखुरी. बाबा रूळ मारायचे त्या हातावर, तरी सुटला नाही."

कुसुमताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या. गडहिंग्लजचं मास्तरांचं घर. एकोणिसाव्या वर्षी मोठी मुलगी कोल्हापूरला सिनेमात काम करायला निघून गेली आणि वडिलांनी तिचं नाव घरात बंद केलं. नलिनीताई तेव्हा तेरा वर्षांच्या. पत्रं येत, ती वडील न फोडता परत पाठवत. मग पत्रं थांबली. पुढे लग्न, मुंबई, सिडनी. वडील गेल्यावर त्यांनी शोध घेतला, कोल्हापूरला दोनदा जाऊन आल्या. स्टुडिओतल्या जुन्या माणसांनी नकाराने माना हलवल्या. मागच्या रांगेतल्या मुलींची नावं कुणीच लिहून ठेवलेली नव्हती. श्रेयनामावलीत घोड्याच्या मालकाचे आभार होते, या मुलींचं नाव नव्हतं.

म्हणून तीस वर्षं त्या पडद्यावर शोधत होत्या. सतरा चित्रपटांत त्यांना कुसुमताई सापडल्या. कुठे दोन सेकंद, कुठे नुसता खांदा, एका ठिकाणी मात्र पूर्ण अकरा सेकंद. घागर घेऊन पायऱ्या उतरताना. नलिनीताईंनी ते सगळे तुकडे घेतले, प्रत्येक चित्रात बहिणीला मधोमध आणलं, चेहरा मोठा केला. चित्र दाणेदार झालं, नायिका फक्त कोपरापुरती उरली. नायक एकदा पाठमोरा येतो आणि जातो. वर गाणं नाही. चूल पेटवताना कुसुमताई जे सूर गुणगुणत ते नलिनीताईंनी स्वतः गुणगुणून घातले आहेत, शब्दांशिवाय. जोडकामाचं नाव 'डावखुरी'. माझ्या मते मराठी बाईने पडद्यावर केलेल्या उत्तम कामांत ते मोडतं. माझ्या मताला या विषयात अधिकार नाही, पण मी ते मागे घेणार नाही.

'डावखुरी' मृण्मयीने चढवली. मी यादी केली. सतरा चित्रपट, मिनिटं, सेकंद. नलिनीताईंनी प्रत्येक ओळीपुढे एवढी भर घालायला लावली: 'सहभाग: कुसुम गोडांबे.'

सात महिने काही झालं नाही. मग एका सकाळी मृण्मयीचा स्टेशनवरून फोन आला. ट्रेन सुटली तरी चालेल, आधी ऐका म्हणाली. चित्रफितीखाली कुणीतरी लिहिलं होतं: 'या मिरजेला आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. शिवणाचे क्लास घ्यायच्या. डाव्या हाताने कापड बेतायच्या.'

मी अर्ध्या तासात हॅरिस पार्कला पोचले. नलिनीताई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. समोर कागद, हातात पेन.

"मायना काय घालू? 'सप्रेम नमस्कार' की 'सा. न. वि. वि.'?"

वाचकहो, अनोळखी माणसाने दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याला उत्तर द्यायला आम्ही दोघी पत्राचा मसुदा करत बसलो. पहिला मसुदा मी नापसंत केला. फार भावविवश आहे म्हटलं. लिहिणारा खरा की खोटा ते आधी पाहावं, नाव-गाव विचारावं, घाई करू नये. दुसरा मसुदा झाला. त्यातली वाक्यं मी आखडली. मृण्मयी फोनवर ओरडत होती, "मावशी, प्लीज, नुसतं 'हॅलो' टाका! बाकीचं नंतर!" मी तिला म्हटलं, असं 'हॅलो' आमच्यात कुणी बहिणीच्या शोधात टाकत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मसुदा पक्का झाला. मृण्मयीने तो टाकायला संकेतस्थळ उघडलं, तर 'डावखुरी' तिथे नव्हती. तिच्याखालच्या मिरजेच्या त्या दोन ओळीही नव्हत्या. त्या ओळी लिहिणाऱ्याचं टोपणनाव आम्ही कुणीच उतरवून घेतलं नव्हतं. सतरा चित्रपटांचे सेकंद मी उतरवले होते.

जुन्या चित्रपटांचे हक्क विकत घेतलेल्या एका कंपनीने तक्रार केली होती. सोबत पुरावा म्हणून उल्लंघनांची यादी होती. मृण्मयीने वाचली आणि तिचा चेहराच उतरला.

"मावशी, ही आपलीच लिस्ट आहे. कॉपी-पेस्ट केलीये."

माझीच होती. मिनिटं माझी, सेकंद माझे, दोन टिंबांची पद्धतसुद्धा माझी. आम्ही प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून आम्ही सापडलो. मी नलिनीताईंची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "आधी पुढचं बघू." त्यांनी त्या दिवशी मला चहाही विचारला नाही. चाळीस वर्षांत एवढं एकदाच.

पुढचं असं होतं. हरकत घेतली नाही तर चित्रफीत कायमची गेली. हरकत घ्यायची तर खरं नाव, खरा पत्ता द्यायचा आणि कंपनीने कोर्टात खेचलं तर यायला तयार आहे असं लिहून द्यायचं. ठरलेल्या मुदतीत कंपनी कोर्टात गेली नाही, तर चित्रफीत परत येणार. पर्थहून नलिनीताईंच्या मुलाने फोन केला. "आई, जस्ट लेट इट गो. या वयात कोर्ट?" मुलाचं चुकत नव्हतं. एका ओळखीच्या वकील मुलीने आम्हाला इथला कायदा समजावून सांगितला. टीकेला, समीक्षेला सूट आहे. विडंबनाला सूट आहे.

"आणि बहीण शोधायला?" नलिनीताईंनी विचारलं.

"त्याला नाही, आंटी. सॉरी."

मी सुचवलं, हरकत घ्या, पण निदान यादी काढून टाका. पुन्हा कुणाच्या हातात कोलीत नको. यादीचा हट्ट धरणारी मीच ती काढा म्हणत होते.

"यादी राहील," त्या म्हणाल्या. "विजया, सतरा चित्रपटांत तिचं नाव कुठे आहे? एकातही नाही. तुमच्या यादीत आहे. जगात तेवढ्या एकाच ठिकाणी आहे."

हरकतीच्या अर्जात कारण लिहायला जागा होती. मी दोन पानी निवेदन तयार केलं होतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि एकच वाक्य लिहिलं: 'या सतरा चित्रपटांनी या मुलीकडे पाहिलं नाही, ही माझी त्यांच्यावरची टीका आहे.' मृण्मयीने त्याचं इंग्रजी केलं. खाली सही: नलिनी आगवेकर, माहेरची नलिनी गोडांबे. साठ-बासष्ट वर्षांपूर्वी ज्या घरात बहिणीचं नाव बंद झालं, त्या घराचं आडनाव त्यांनी परक्या देशातल्या कायद्याच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं. स्त्रियांच्या निर्मितीच्या हक्कांवर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. त्या एका सहीइतकं कुणी मला पटवू शकलेलं नाही.

मुदत संपेपर्यंतचे दिवस कसे गेले ते मृण्मयीला विचारा. ती ऑफिसातून दर तासाला बघत होती. कंपनी कोर्टात गेली नाही. कंटाळली असेल किंवा ते वाक्य कुणीतरी वाचलं असेल, आम्हाला माहीत नाही. एका सकाळी 'डावखुरी' परत आली. खाली सरकवलं, तर मिरजेच्या त्या दोन ओळीही जागच्या जागी होत्या.

नलिनीताईंनी कुणाला विचारलं नाही, मसुदा मागितला नाही. चष्मा वर करून, एका बोटाने, त्यांनी तिथल्या तिथे लिहिलं: 'ताई आहे का?'

त्याला आता चार महिने झाले. उत्तर आलेलं नाही. मिरजेला आम्ही ओळखीच्यांना पाठवलं. शिवणाचे क्लास तिथे पुष्कळ निघाले, डावखुऱ्या बायकाही दोन निघाल्या, पण त्या या नव्हेत. त्या ओळी लिहिणारं माणूस बहुधा रोज तिथे येत नसेल. कधीतरी येईल. नलिनीताई रोज सकाळी चहाच्या आधी बघतात. मग चहा ठेवतात, मग नव्या मुलींना शिकवायला बसतात. मेलबर्नच्या क्लेटनहून एक विद्यार्थिनी मुद्दाम येऊन राहिली, तिला त्यांनी आठ दिवस शिकवलं. तिने विचारलं, "आजी, यू डोन्ट गेट टायर्ड?" म्हणाल्या, "मागच्या रांगेत फार माणसं आहेत गं."

या अंकात नलिनीताईंचं छायाचित्र पहिल्या पानावर असावं असं मंडळाचं म्हणणं होतं. त्यांनी नको म्हटलं. त्या जागी कुसुमताईंचं, पायऱ्या उतरतानाचं चित्र छापलं आहे. परवानगी मागितलेली नाही. कंपनीला विचारायचं तर तिला वाटेल ते चित्र नायिकेचं आहे, आणि नायिका या चित्रात नाही. हा निर्णय माझा आहे. आक्षेप असेल तर तो माझ्या नावाने यावा.

गौरवलेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. नलिनीताईंना ते मी शोभेचं म्हणून चिंतत नाही. त्यांना ते लागणार आहे, कामासाठी. त्यांचे डोळे शाबूत राहोत, अंगठा शाबूत राहो, गुडघ्यांनी फार त्रास देऊ नये, आणि वाट पाहण्याचं बळ कमी पडू नये. पंचाहत्तरीला अनेक जणांना मागे वळून बघायला आवडतं. त्यांना पुढचंच बघायचं आहे, आणि त्यांच्या पुढे पुष्कळ सकाळी असोत.

आणखी एक अभीष्टचिंतन उरलं आहे. ते या अंकाच्या कोणत्याही वाचकासाठी नाही, पण छापून ठेवते. कुसुमताई, हा अंक कुणाच्या तरी हातून आपल्यापर्यंत पोचला, तर आपल्यालाही शुभेच्छा. आपण ऐंशी ओलांडली असेल. प्रकृतीला जपा, औषधं वेळेवर घ्या, जिने सांभाळून उतरा. आपली धाकटी बहीण पंचाहत्तर वर्षांची झाली आहे आणि रोज सकाळी आपली वाट बघते आहे.

— विजया कामतेकर